वाचक विचारतात : गव्हर्नरपदाचे उमेदवार तोलायचे कसे?

अमेरिकेत येत्या ३ नोव्हेंबर २०२६ रोजी ३६ राज्यांत गव्हर्नरपदाची निवडणूक होत असल्याची छोटी टीप आम्ही मागील अंकात दिली होती. तिच्यावर खानदेशातून, विशेषतः ज्या घरांतील मुले-मुली तिकडे स्थायिक झाली आहेत अशा घरांतून, अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. त्यांपैकी एकाच विषयाभोवती फिरणारी पाच पत्रे निवडून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षक, अमळनेर) : स. न. वि. वि. माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत एडिसनला राहतात आणि दोघांनीही तिकडचे नागरिकत्व घेतले आहे. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी गव्हर्नरपदासाठी मतदान केले. त्याआधी मुलीने मला एक तक्ता पाठवला होता. डाव्या रकान्यात विषय आणि पुढे दोन्ही उमेदवारांची त्या विषयावरील मते, असे त्याचे स्वरूप होते. आयुष्यभर फळ्यावर तक्ते आखल्यामुळे मला तो आवडला, पण तो तीनदा वाचूनही निवड कशाच्या आधारावर करायची हे काही उमगले नाही. अशी तुलना कशी करावी? आणि आपल्या राज्यपालांसाठी असा तक्ता कोणी का करत नाही?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण गोंधळाचे मूळ शब्दात आहे. आपली वृत्तपत्रे ‘गव्हर्नर’साठी ‘राज्यपाल’ हा शब्द वापरतात आणि शब्दकोशाच्या दृष्टीने त्यात चूक नाही. परंतु न्यू जर्सीचा गव्हर्नर आणि मलबार हिलवर राहणारे आपले राज्यपाल यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य नाही. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच, आणि तोही असा की ज्याला लोक थेट निवडतात आणि ज्याला विधिमंडळातील बहुमताचा टेकू लागत नाही. आमदार फुटले आणि सरकार कोसळले, हे जे महाराष्ट्राने अलीकडे पाहिले, ते न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन येथे घडूच शकत नाही, कारण ज्या दिवशी गव्हर्नर शपथ घेतो त्या दिवशी त्याची चार वर्षे ठरलेली असतात. आपले राज्यपाल नेमले जातात, उभे राहत नाहीत, म्हणून त्यांचा तक्ता नसतो. तसे का, हे पुढच्या पत्राच्या उत्तरात आले आहे.

आता तक्त्याकडे वळू. आपल्या मुलीने पाठवलेल्या तक्त्यात दोन रकाने कमी होते, असे माझे मत आहे. ‘विषय’, ‘पहिल्या उमेदवाराचे मत’ आणि ‘दुसऱ्या उमेदवाराचे मत’ यांच्यापुढे ‘हे करण्याचा अधिकार या पदाला आहे का?’ हा एक रकाना हवा आणि ‘या व्यक्तीने आजवर असे काही करून दाखवले आहे का?’ हा दुसरा. हे दोन नसले तर तक्ता म्हणजे दोन जाहीरनामे शेजारीशेजारी चिकटवल्यासारखा होतो आणि वाचणारा शेवटी ज्याची भाषा गोड वाटते त्याच्याकडे झुकतो.

न्यू जर्सीच्या २०२५ च्या निवडणुकीचाच दाखला घेतो, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही. डेमोक्रॅटिक पक्षातर्फे माइकी शेरिल उभ्या होत्या. त्या पूर्वी नौदलात हेलिकॉप्टर वैमानिक होत्या आणि २०१८ मध्ये प्रथम निवडून आल्यापासून वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात होत्या. रिपब्लिकन पक्षातर्फे जॅक चिटारेली उभे होते. ते पेशाने लेखापाल आणि उद्योजक, राज्याच्या विधिमंडळातील माजी सदस्य, आणि २०२१ मध्ये फिल मर्फी यांच्याकडून सुमारे तीन टक्क्यांच्या फरकाने याच पदासाठी हरलेले. प्रचारात सर्वांत जास्त गाजला तो विजेच्या बिलाचा मुद्दा, कारण जून २०२५ पासून तेथील घरगुती बिले १७ ते २० टक्क्यांनी वाढली होती. शेरिल यांनी सांगितले की, पहिल्याच दिवशी आणीबाणी जाहीर करून दर गोठवीन. चिटारेली यांनी सांगितले की, कार्बन उत्सर्जनावर शुल्क आकारणाऱ्या ईशान्येकडील राज्यांच्या संयुक्त करारातून न्यू जर्सीला बाहेर काढीन. साध्या तक्त्यात ही दोन वाक्ये समोरासमोर बसतात आणि ज्याला वीजबिल छळते आहे त्याला पहिले वाक्य साहजिकच अधिक सुखावते.

आता चौथा, म्हणजे अधिकाराचा, रकाना भरून पाहा. बिले वाढली त्याचे मोठे कारण म्हणजे तेरा राज्ये आणि वॉशिंग्टन राजधानी क्षेत्र यांचे वीजजाळे सांभाळणाऱ्या ‘पीजेएम’ या संस्थेच्या लिलावात वीजनिर्मिती-क्षमतेचे भाव चढले, आणि हा लिलाव काही ट्रेंटनमधील गव्हर्नरच्या टेबलावर होत नाही. ग्राहकाचे दर मंजूर करणारे राज्याचे नियामक मंडळ मात्र गव्हर्नरच्या पोहोचीत आहे, कारण त्याच्या पाच सदस्यांची नेमणूक गव्हर्नर सिनेटच्या संमतीने करतो. म्हणजे ‘दर गोठवीन’ या वाक्याचा एक भाग पदाच्या कक्षेत येतो आणि दुसरा येत नाही. गोठवलेल्या दरांमुळे वीज कंपन्यांना येणारी तूट कोण भरणार, हा प्रश्न तर शिल्लक राहतोच. करारातून बाहेर पडणे पदाच्या कक्षेत येते, याचा पुरावा इतिहासात आहे. तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी २०११ मध्ये राज्याला त्या करारातून बाहेर काढण्याचा निर्णय घेतला आणि मर्फी यांच्या कारकिर्दीत २०२० मध्ये राज्य पुन्हा आत आले. पण अधिकार आहे म्हणून बिल उतरेल असे नव्हे, कारण बिलवाढीचे मुख्य कारण तो करार नव्हताच. आता दोघांच्या आश्वासनांचे वजन आपल्या हाती येते, आणि ते भाषणात वाटले होते त्याहून दोन्हीकडे कमी भरते.

मालमत्ता कराचेही असेच आहे. न्यू जर्सीत घरामागे सरासरी वर्षाला १० हजार डॉलरच्या वर हा कर बसतो. तो अमेरिकेतील सर्वाधिक करांपैकी एक असल्यामुळे गव्हर्नरपदाचा प्रत्येक उमेदवार त्यावर बोलतो. प्रत्यक्षात तो नगरपालिका, काउंटी आणि शाळा-मंडळे आकारतात, आणि राज्याकडून शाळांना जाणारे अनुदान कमीजास्त करून गव्हर्नर त्यावर आडून परिणाम घडवू शकतो. तेव्हा ‘कर कमी करीन’ म्हणणाऱ्याला विचारायचे ते एवढेच की, शाळांच्या अनुदानाच्या सूत्राचे काय करणार? मला वाटते, आपल्याला हे अधिक चटकन कळेल. अमळनेरकर गेल्या पंचवीसहून अधिक वर्षांपासून प्रत्येक निवडणुकीत पाडळसे धरणाचे आश्वासन ऐकत आले आहेत आणि ते देणाऱ्यांत असेही उमेदवार असतात की ज्यांच्या पदाचा तापी पाटबंधारे विकास महामंडळाशी कागदोपत्री काडीचा संबंध नसतो.

पाचवा रकाना, म्हणजे करून दाखवलेल्या कामाचा, भरणे त्या निवडणुकीत अवघड होते, कारण दोघांनीही आधी राज्याचा कारभार हाकलेला नव्हता. ४३५ सदस्यांच्या सभागृहात मत देणे आणि एका राज्याचा अर्थसंकल्प मांडून त्यातली एखादी रक्कम स्वतःच्या लेखणीने खोडणे (न्यू जर्सीच्या गव्हर्नरला तो अधिकार आहे) ही दोन कामे भिन्न आहेत. अशा वेळी सभागृहातील मतांची नोंद पाहावी, पण तिला कारभाराचा अनुभव समजू नये.

राज्य बदलले की रकान्यांचे महत्त्वही बदलते. न्यू जर्सीत राज्यभरातून निवडली जाणारी राज्याची पदे गव्हर्नर आणि त्याच्याच जोडीने उभा राहणारा लेफ्टनंट गव्हर्नर, एवढी दोनच. महाधिवक्ता, खातेप्रमुख आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश गव्हर्नर नेमतो, त्यामुळे तेथे माणसाची पारख करताना तो कोणती माणसे जवळ करतो हे पाहणे फार महत्त्वाचे ठरते. त्याच दिवशी निवडणूक झालेल्या व्हर्जिनियात लेफ्टनंट गव्हर्नर आणि महाधिवक्ता स्वतंत्रपणे निवडले जातात, आणि गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येता येत नाही. असे बंधन असलेले ते एकमेव राज्य आहे. तेथे ॲबिगेल स्पॅनबर्गर यांनी विन्सम अर्ल-सिअर्स यांना हरवले आणि त्या राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या. हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या. ज्याला सलग दुसरी संधीच नाही त्याच्या आठ वर्षांच्या योजनेला तेथील मतदाराने किती भाव द्यावा, हे सांगायला नको.

एका गोष्टीचा मात्र मला हेवा वाटतो. न्यू जर्सीत गव्हर्नरपदाचा जो उमेदवार प्रचारासाठी सरकारी निधी स्वीकारतो, त्याला जाहीर वादचर्चेत भाग घ्यावाच लागतो, आणि उमेदवारांची पाचशे शब्दांपर्यंतची निवेदने नमुना-मतपत्रिकेसोबत मतदाराच्या घरी टपालाने जातात. आपल्याकडे दोन उमेदवार एका मंचावर बसलेले पाहायचे तर एखाद्या लग्नाची वाट पाहावी लागते.

मतचाचण्यांवर तुलना उभारू नये, हे शेवटी सांगतो. २०२१ मध्ये चाचण्यांनी मर्फी यांना मोठी आघाडी दाखवली आणि ते जेमतेम तीन टक्क्यांनी निवडून आले. २०२५ मध्ये चाचण्यांनी चुरस दाखवली आणि शेरिल तेराहून अधिक टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. एकाच राज्यात, लागोपाठच्या दोन निवडणुकांत, चाचण्या दोन विरुद्ध दिशांना चुकल्या.

प्रश्न (विधी शाखेची विद्यार्थिनी, धुळे) : राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा, असा विचार घटना समितीत झाला होता, असे वर्गात ओझरते ऐकले. हे खरे आहे का? आणि मग तो विचार का सोडला?

उत्तर : खरे आहे, आणि तो विचार ओझरता मुळीच नव्हता. प्रांतांच्या घटनेसाठी सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४७ मध्ये राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट निवडावा, अशी शिफारस केली होती. १९४८ च्या मसुद्यातील अनुच्छेद १३१ मध्ये दोन पर्याय ठेवले गेले : एक, मतदारांकडून थेट निवड, दुसरा, विधिमंडळाने चार नावे निवडायची आणि त्यांतून राष्ट्रपतींनी एक नेमायचे. ३० आणि ३१ मे १९४९ रोजी त्यावर चर्चा झाली आणि दोन्ही पर्याय बाजूला सारून राष्ट्रपतींनी नेमणूक करावी असे ठरले. पंडित नेहरूही नेमणुकीच्याच बाजूने बोलले.

कारण एका म्हणीत सांगता येते : एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. मुख्यमंत्री विधानसभेला जबाबदार, आणि त्याच राज्यात संपूर्ण राज्याच्या मतांवर निवडून आलेला दुसरा माणूस. मग ‘मलाही लोकांनीच निवडले आहे’ असे दोघेही म्हणणार आणि ते दोघांचेही खरे असणार. अमेरिकेतील राज्यांत हा पेच येत नाही, कारण तेथे मुख्यमंत्रीच नाही. शिवाय जे पद बहुतांशी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे, त्यासाठी राज्यभर निवडणूक घेण्याचा खर्च आणि खटाटोप कशाला, असाही युक्तिवाद होता, आणि मला तो आजही पटतो. अंतिम राज्यघटनेत ही तरतूद अनुच्छेद १५५ मध्ये आली. अनुच्छेद १५६ ने मुदत पाच वर्षांची, परंतु राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच, अशी ठेवली, आणि अनुच्छेद १५७ ने भारताचे नागरिकत्व आणि ३५ वर्षे पूर्ण वय एवढ्याच अटी घातल्या.

म्हणून उमेदवारांची तुलना करता येत नाही. पदावर आल्यानंतर कामाची तुलना मात्र अवश्य करता येते आणि खानदेशापुरती ती करायला तीन जागा आहेत. पहिली, आदिवासी भागांच्या कारभारासाठी असलेली राज्यघटनेची पाचवी अनुसूची. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा आणि नवापूर हे तालुके, त्याशिवाय नंदुरबार, शहादा, साक्री आणि शिरपूर तालुक्यांचे काही भाग आणि चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील सातपुड्याकडची गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि तेथे एखादा कायदा लागू करावा, करू नये की बदलून लागू करावा, हे राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. दुसरी, राज्यपालांच्या विशेष जबाबदारीत येणारी अनुच्छेद ३७१(२) खालील विकास मंडळे, ज्यांत खानदेश ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मोडत असे. त्या मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. तिसरी, जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, ज्याचे कुलपतिपद राज्यपालांकडे असते. आपण विधी शाखेत शिकत आहात. गेल्या दहा-बारा वर्षांतील राज्यपालांच्या पाचव्या अनुसूचीखालील अधिसूचना एकत्र करून वाचल्या, तर त्यातून एक चांगला प्रबंध होईल.

प्रश्न (कटलरी दुकानाची मालकीण, चोपडा) : अमेरिकेचे राहू द्या. गेल्या डिसेंबरात नगराध्यक्ष थेट निवडायचा होता तेव्हा आमच्या घरात चार माणसांची चार मते होती. वडील एवढेच म्हणाले, “आपला मानूस शे.” हा निकष चूक म्हणावा का? आणि उमेदवाराचे शपथपत्र वाचायचे तर कोठून सुरुवात करावी?

उत्तर : अमेरिकेचे राहू देण्याची गरज नाही, कारण थेट निवडलेला नगराध्यक्ष हा रचनेने आपल्याकडचा सर्वांत छोटा ‘गव्हर्नर’च आहे. कारभाराचा प्रमुख मतदारांनी थेट निवडावा असे आपल्याकडे आमदारकीत नाही, खासदारकीत नाही. जळगाव आणि धुळे महापालिकांचे महापौरसुद्धा नगरसेवक निवडतात. थेट निवडले जातात ते सरपंच आणि नगराध्यक्ष, आणि त्यातही राज्याचे धोरण हिंदोळ्यावर बसलेले आहे. २०१६-१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली.

आपल्या वडिलांच्या निकषाला मी हसणार नाही. ‘आपला माणूस’ याचा अर्थ रात्री अकरा वाजता ज्याचे दार वाजवता येते आणि जळगावच्या दवाखान्यात खाट मिळवून देण्यासाठी जो फोन करतो, असा माणूस. ज्या घराला कधीतरी अशा फोनची गरज पडली आहे, त्या घराला त्याची किंमत ठाऊक असते. मात्र दार उघडणे आणि पाण्याची टाकी वेळेवर भरणे ही दोन कामे वेगळी आहेत. नळाला पाणी किती दिवसांआड येते हा ज्या गावाचा प्रश्न आहे, त्या गावाने दुसऱ्या कामाची चौकशी वेगळी करायला हवी. नगरपरिषदेत रोजची अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याच्या हाती असते आणि नगराध्यक्ष सभा चालवतो, स्थायी समितीचे अध्यक्षपद सांभाळतो, ठराव पुढे रेटतो. तेव्हा मुख्याधिकाऱ्याकडून काम करून घेण्याची हातोटी कोणाकडे आहे, हे पाहणे ‘किती कोटींचा निधी आणणार’ हे ऐकण्यापेक्षा उपयोगाचे आहे.

शपथपत्राकडे वळण्याआधी थोडी पार्श्वभूमी देतो. उमेदवाराची संपत्ती, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणे जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी सांगितले आणि १३ मार्च २००३ रोजी पुन्हा ठामपणे सांगितले. विधानसभा आणि लोकसभेसाठी ही माहिती ‘नमुना २६’ मध्ये द्यावी लागते. नगरपरिषदेसाठी राज्य निवडणूक आयोगाचा नमुना वेगळा असला तरी गाभा तोच आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी ही शपथपत्रे पाहायला गेलो होतो. कार्यालयाच्या व्हरांड्यात काचेच्या फलकाआड ती टांगलेली होती. प्रत्येक गठ्ठ्याच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची गाठ मारलेली असल्यामुळे काचेतून फक्त पहिले पान दिसत होते, म्हणजे नाव, पत्ता आणि छायाचित्र, जे भिंतीवरच्या फलकांवरही होतेच. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात पाऊण तास गेला. ती आणणाऱ्या शिपायाने मला सद्भावनेने सांगितले की, “साहेब, पुढची पानं कोणी वाचत नाही.” पुढच्या पानांवर एका उमेदवाराने शेतजमिनीचा गट क्रमांक लिहिला होता, क्षेत्र लिहिले होते, आणि ‘सध्याचे अंदाजे बाजारमूल्य’ या ओळीत खरेदीच्या वेळची रक्कम जशीच्या तशी उतरवली होती, ती खरेदी तेव्हा बावीस वर्षे जुनी होती. आता ही कागदपत्रे आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि किल्ली शोधावी लागत नाही. शिपायाचे वाक्य मात्र अजून जुने झालेले नाही.

सुरुवात शेवटाकडून करावी, असा माझा अनुभव आहे. जिनिंगवर कापूस घेणारा व्यापारी गाडीवरचा वरचा पांढराशुभ्र थर पाहून भाव सांगत नाही. तो ढिगात कोपरापर्यंत हात खुपसतो, तळची मूठ बाहेर काढतो, धागा दोन बोटांत ओढून पाहतो, आणि ओल किती, कवडी किती हे चाचपल्याशिवाय तोंड उघडत नाही. शपथपत्रातली तळची मूठ म्हणजे देणी, उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारशी असलेली कंत्राटे. ज्या संस्थेचा कारभार पाहायचा, तिच्याशीच उमेदवाराचा किंवा त्याच्या घरच्यांचा कंत्राटी व्यवहार आहे का, हे मी सर्वांत आधी पाहतो. त्यानंतर मागील पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणातील उत्पन्न आणि त्याच काळात वाढलेली मालमत्ता एकमेकांना शोभतात का, हे पाहतो. उमेदवार आधी कधी लढलेला असेल तर तेव्हाचे शपथपत्र शेजारी ठेवावे. दोन उमेदवारांच्या तुलनेपेक्षा एकाच उमेदवाराच्या दोन शपथपत्रांची तुलना पुष्कळदा अधिक बोलकी असते.

गुन्ह्यांच्या रकान्यात संख्या मोजू नका, कलमे वाचा. आपल्या भागात कापसाच्या किंवा केळीच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या कार्यकर्त्याच्या नावावर जमावबंदी मोडल्याची आणि वाहतूक अडवल्याची पाच-सात प्रकरणे सहज असतात; ती आणि फसवणुकीचे एकच प्रकरण एका तराजूत घालता येत नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने आकड्यांचा घोळ होतो, म्हणून एवढे लक्षात ठेवा : जुने ४२० म्हणजे फसवणूक आता ३१८ मध्ये आहे, खुनाचे ३०२ आता १०३ आहे आणि आदेश मोडण्याचे १८८ आता २२३ आहे. आरोप निश्चित झाले आहेत की प्रकरण केवळ नोंदीच्या पायरीवर आहे, हेही तेथेच लिहिलेले असते. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला आपली गुन्हेगारी प्रकरणे प्रचारकाळात तीन वेळा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावी लागतात आणि २०२० च्या निकालानंतर अशा व्यक्तीलाच उमेदवारी का दिली याचे कारण पक्षालाही द्यावे लागते. ती कारणे एकदा वाचाच; ‘लोकप्रियता आणि समाजकार्य’ हे शब्द इतक्या वेळा भेटतील की विनोदी लेखन वाचल्याचा आनंद मिळेल. खोटे शपथपत्र देणाऱ्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

चार माणसांची चार मते असलेल्या घरात हे सारे वाचूनही एकमत होईल, असे मी सांगत नाही. आमच्या घरात झाले नव्हते.

प्रश्न (शेतकरी, शिरपूर) : पुतण्या टेक्सासमध्ये एच-१बी व्हिसावर आहे. त्याला तिकडे गव्हर्नरसाठी मत देता येईल का? ग्रीन कार्ड मिळाल्यावर तरी?

उत्तर : दोन्ही वेळा नाही. गव्हर्नरपदासाठी मत देण्यास अमेरिकेचे नागरिकत्व लागते, ग्रीन कार्ड पुरत नाही, आणि चुकून मतदार नोंदणीचा अर्ज भरला तरी त्याचा पुढे व्हिसावर आणि नागरिकत्वाच्या अर्जावर विपरीत परिणाम होऊ शकतो, हे त्याला आवर्जून सांगा. तोवर तो भारताचा नागरिक आहे, म्हणून ‘नमुना ६अ’ भरून त्याला शिरपूरच्या मतदारयादीत परदेशस्थ मतदार म्हणून नाव ठेवता येते. मात्र मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन त्याला स्वतः केंद्रावर यावे लागते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यावर हा हक्क संपतो आणि परदेशस्थ भारतीय नागरिकाच्या (‘ओसीआय’) कार्डाने तो परत मिळत नाही.

पुतण्या पुढे कधी मतदार झाला तर एक गोष्ट त्याच्या उपयोगी पडेल. टेक्सासमध्ये गव्हर्नरने किती वेळा निवडून यावे याला मर्यादा नाही आणि लेफ्टनंट गव्हर्नर हे पद तेथे नामधारी नाही. तो स्वतंत्रपणे निवडला जातो, राज्याच्या सिनेटचे अध्यक्षपद भूषवतो आणि कोणते विधेयक पुढे सरकेल यावर त्याची पकड असते. न्यू जर्सीच्या मतदाराने ज्या नावावरून नुसती नजर फिरवावी, त्याच पदाचे नाव टेक्सासच्या मतदाराने गव्हर्नरइतक्याच काळजीने तपासावे.

प्रश्न (गृहिणी, मुक्ताईनगर) : आपल्या खानदेशातून कोणी राज्यपाल झाले आहे का?

उत्तर : झाले आहे, आणि ते आपल्याच मतदारसंघाच्या एकेकाळच्या आमदार. प्रतिभाताई पाटील यांचा जन्म १९३४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील नाडगावचा. १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी त्या जळगावमधून विधानसभेवर गेल्या आणि पुढे १९६७ ते १९८५ या काळात सलग चार वेळा एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून, निवडून आल्या. नोव्हेंबर २००४ मध्ये त्या राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल झाल्या आणि २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. राजस्थानच्या मतदारांना त्यांची कोणा दुसऱ्या उमेदवाराशी तुलना करण्याची संधी नव्हती. ती एदलाबादच्या मतदारांनी चार वेळा करून झाली होती. राज्यपाल म्हणून त्यांचा सर्वांत चर्चेत राहिलेला निर्णय २००६ मधला : राजस्थान विधानसभेने संमत केलेले धर्मांतरविषयक विधेयक त्यांनी स्वाक्षरी न करता परत पाठवले होते.